ई ड्राइव्ह मी मोकळी केली

सोपान,

परवा तुझ्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी तुझा डाळजचा चुलतभाऊ बसला होता. भात कालवता कालवता म्हणाला, "चांगलंच झालं म्हणायचं भाऊसाहेब, सुटला. डोकं चालंना झाल्तं की त्येचं." समोरच्यानं मान हलवली. वाढणारा थांबून हं म्हणाला. मीही मान हलवली. घरी येऊन पाय धुताना मला आठवलं की मीही हलवली.

म्हणून हे लिहायला बसलो. तहसील कचेरीत उभा जन्म मी लोकांचे जबाब लिहून घेतले. स्वतःचा लिहायचा तर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तू म्हणाला असतास, "वरनं कर की, भाऊसाहेब. खालनं कोण लिवतंय?"

तर वरून.

तुझ्या अंकुशनं लग्नपत्रिकांच्या धंद्यासाठी कॉम्प्युटर घेतला आणि तुमच्या घराची पुढची खोली आपल्या दोघांची झाली. तू टेलिफोन खात्यातून निवृत्त, मी कचेरीतून. पोरगा कामाला आणि बाप त्याच्या हाताखाली, असं तू गिऱ्हाइकांना सांगायचास. अंकुश पत्रिका मांडायचा, मी मुद्रितं तपासायचो, आणि मशीनच्या पोटातलं सगळं तुझ्याकडे. मला ते पोट कधी समजलं नाही. तू झाकण काढून आत फुंकर मारायचास तेव्हा मी चष्मा पुसत बाजूला उभा असायचो, आणि तुला वाटायचं मी बघतो आहे.

पहिली डिस्क भरली तेव्हा आपण बारामतीहून दुसरी आणली. एसटीत ती तुझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली. खड्डा आला की तू ती दोन्ही हातांनी वर उचलून धरायचास, आणि मागच्या बाकावरच्या बाईनं विचारलं होतं, "बाळ किती दिसाचं हाय?" तू म्हणालास, "अजून बारसं व्हायचंय." घरी आल्यावर बारसं झालं. जुनी ती सी, नवी ती डी.

मग एक दिवस पडद्यावर ई दिसायला लागली. इथून माझा गोंधळ सुरू होतो आणि अजून संपलेला नाही. मी तुला विचारलं होतं. तू टेबलाखाली होतास, दातात स्क्रू धरलेला.

"सोपान, डिस्कच्या डब्या तर आत दोनच आहेत. हे तिसरं अक्षर कुठून आलं?"

"ते खरं न्हाय. दिसायपुरतं हाय. डीवर खेळाचं फोल्डर हाय का? त्येलाच सांगितलं, आजपास्नं तुझं नाव ई."

"ते कशाला?"

"भाच्याच्या मशीनीत खेळ ईवर व्हते. फ्लॉप्यांवर भरून आनले, पर खेळाच्या पोटात पत्ता जुनाच हाय. हितं ई घावला न्हाय तर रुसून बसतंय बेणं. म्हणून सब्स्ट म्हणून एक हुकूम हाय, त्यो दिला."

"म्हणजे खेळ आता दोन ठिकाणी आहेत?"

"एकाच ठिकाणी. दिसत्यात दोन ठिकाणी. पॅरलल समज की. माडीवर एक फोन, खाली एक फोन, लाइन एकच."

पॅरलल मला समजला. माझ्या घरी तूच जोडून दिला होतास. माडीवरचा फोन खरखरायला लागला तेव्हा तूच काढून नेलास, आणि खालचा आजही चालू आहे. तेव्हा मी तुझं बोलणं माझ्या भाषेत घेतलं. कचेरीतून पत्र बाहेर जातं आणि त्याची एक नक्कल आपल्या फायलीत राहते, ती स्थळप्रत. मी म्हणालो, "म्हणजे ई ही तुझी स्थळप्रत."

स्क्रू दातात तसाच ठेवून तू म्हणालास, "व्हय भाऊसाहेब, तसंच समज."

हे तू म्हणालास, सोपान. माझ्या बचावासाठी ते इथे लिहितो आहे की जबाब पुरा व्हावा म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही. लिहून झाल्यावर खोडून टाकावंसं वाटलं. मग राहू दिलं.

त्या फोल्डरात भाच्याचे खेळ होते तसा तुझाही एक होता. पुस्तकात बघून बघून तू बेसिक नावाच्या मशीनच्या भाषेत लिहिलेला. दीड वर्ष तू त्यावर बसलास. डाळजचा रस्ता, अलीकडे टिंबांची मेंढरं, पलीकडे धरणाचं पाणी. रस्त्यावरून चौकोनी ट्रक धावायचे आणि मेंढरं मधून पार न्यायची. तुझ्या वडिलांच्या मागं तू लहानपणी हेच करायचास. तेव्हा हायवेला एवढी वाहनं नव्हती, आणि पाणीही अजून यायचं होतं, असं मी म्हटलं तर तू चिडलास. "खेळ हाय का गॅझेट हाय?" खेळाला नाव मेंढी. माझ्या हातून प्रत्येक वेळी एक मेंढरू ट्रकखाली जायचं आणि खाली इंग्रजी अक्षरांत यायचं, भाऊसाहेब, एक कमी. ते तू मुद्दाम माझ्यासाठी घातलं होतंस. अंकुश आतून ओरडायचा, "आबा, पत्रिकेचं मशीन हाय त्ये!" तू म्हणायचास, "मेंढरं पानी पिऊ दे, मग तुझा नवरदेव चढव घोड्यावर."

वैशाखात तू डाळजला गेलास, भावकीत कुणाच्या तरी बाळाची पाचवी होती. जायच्या आदल्या दिवशी दुपारभर तू फोल्डरं आवरत होतास, हे इकडे, ते तिकडे. तू गेलास त्या दिवशी अंकुशही कागद आणायला पुण्याला. खोलीत मी एकटा, आणि कन्हेरीचे एक पाहुणे पत्रिका घ्यायला आलेले. त्यांना शेवटच्या क्षणी आठवलं की नवरीच्या धाकट्या मामाचं नाव राहिलं.

"मामाचं नाव न्हाय टाकलं तर मामा मांडवात येनार न्हाय," ते म्हणाले. "आन मामा न्हाय आला तर आमची मंडळी मला घरात घेनार न्हाय."

मी नाव टाकलं, गणपती थोडा सरकवला, आणि पत्रिका ठेवायला गेलो तर मशीन म्हणालं जागा नाही. पुन्हा केलं. जागा नाही. पाहुणे खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघायला लागले.

"काय म्हनतंय?"

"काही नाही. थोडी आवराआवर करावी लागेल."

"तुमाला येतंय नव्हं?"

या प्रश्नावर मी काय म्हणणार होतो? पंचक्रोशीतली माणसं माझ्याकडे अर्ज घेऊन यायची, विचारायचं काम त्यांचं, सांगायचं माझं. मी म्हणालो, "येतं की."

तू फायली आवरायला वापरायचास तो निळ्या पडद्याचा, दोन खणांचा प्रोग्राम मी उघडला. डावीकडे डीवरचं खेळाचं फोल्डर, उजवीकडे ई. तीच नावं, तेच आकडे, त्याच तारखा. मी कचेरीत करायचो तशी ओळीनं रुजवात घेतली, या प्रतीवर बोट, त्या प्रतीवर बोट. एकही फरक नाही. मनात म्हटलं, बघा, जागा कुठे गेली! अस्सल डावीकडे आहे, स्थळप्रत उजवीकडे आहे. खेळाला कुठे स्थळप्रत लागते? सोपान येईल तेव्हा हवी तर पुन्हा करील.

उजवीकडचं सगळं निवडलं आणि पुसायला सांगितलं. लाल चौकटीत मशीननं विचारलं, नक्की का. मी वायचं, म्हणजे होकाराचं, बटण दाबलं. खरं सांगतो, दाबताना मला बरं वाटलं. मशीननं मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं आणि मला उत्तर येत होतं.

उजवा खण मोकळा झाला. डाव्या खणात सगळी नावं जागच्या जागी होती. जागाही झाली. पत्रिका ठेवली, छापली, मामाचं नाव पाहुण्यांनी दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं आणि ते गेले. मग मी सहज डाव्या खणात गेलो, यादी पुन्हा वाचायचं बटण दाबलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तीही नावं गेली.

मी मशीन बंद केलं. चालू केलं. पुन्हा बंद केलं. मला वाटलं होतं, एक फोन काढला तर दुसरा वाजतो. इथं दुसरा फोन नव्हताच, हे मला आता अंकुशनं समजावून सांगितलं आहे. तरी नीट समजलेलं नाही. जे एकच आहे ते दोनदा का दिसावं? आणि दोनदा दिसणारं एकच आहे हे माणसानं कशावरून ओळखायचं? तू असतास तर यावर आपलं भांडण झालं असतं. ते व्हायला हवं होतं. ते मी होऊ दिलं नाही.

तू दुसऱ्या दिवशी दुपारी आलास. भिगवणला उतरून मासे घेतले होतेस, पिशवी वहिनींच्या हातात देऊन तसाच खोलीत. "भाऊसाहेब, पाचवीला समद्या पोरांना मेंढीच्या खेळाचं सांगितलं. सुट्टीत येनार हायत बघायला." आणि मशीन चालू केलंस.

तेव्हा सांगायचं होतं. मी वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण तू आधी पडद्याकडे बघत राहिलास, मग म्हणालास, "मेंढी कुठं गेली?" आणि तुझा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा आला. माझं वाक्य तिथेच राहिलं.

तुझ्याकडे एक फ्लॉपी होती, तिला बुरशी लागलेली निघाली. मग पुसलेलं परत आणायचा एक हुकूम होता, तो तू दिलास. पुसलेल्या फायलींची यादी आली, आणि प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर गेलेलं, त्याजागी प्रश्नचिन्ह. मशीन एकेक नाव दाखवून विचारत होतं, पहिलं अक्षर काय होतं? तू एम दाबलास. मेंढी आली. उघडली. वरच्या पाचपन्नास ओळी तुझ्या होत्या, तुझा रस्ता, तुझं पाणी, आणि मग नुसता कचरा, वेड्यावाकड्या खुणा.

तू बराच वेळ विचार केलास. टेलिफोनच्या लाइनीतला बिघाड शोधायचास तसाच, खांब खांब करत. "ह्या जाग्यावर पत्रिका बसलीया," म्हणालास. "म्हंजे पत्रिका ठिवायच्या आदी हे पुसलं गेलंया. पत्रिका काल झाली. तू काल हितं व्हतास. तू दुसऱ्या कशाला हात लावला व्हतास का?"

मी म्हणालो, "मी फक्त पत्रिका केली."

"म्हंजे म्या जायच्या आदी." तू हाताची बोटं बघत होतास. "परवा आवरत व्हतो. म्हंजे म्याच पुसलं. आन मला याद बी न्हाय."

तुझा सगळा हिशेब बरोबर होता, सोपान. फक्त त्यात एक उत्तर खोटं घातलेलं होतं, आणि ते मी घातलं होतं. इतकं बरोबर चाललेलं डोकं मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं, आणि त्याच डोक्यानं स्वतःला नालायक ठरवलं.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं असं होतं. मी रोज ठरवायचो, आज. मग तू आधीच काहीतरी म्हणायचास. "मला सांग, ही चावी म्या हितंच ठिवली व्हती नव्हं?" तू चिठ्ठ्या लिहायला लागलास. गॅस बंद केला. लुनाचा पेट्रोलचा नळ बंद केला. मी म्हटलं, अरे, खेळ पुन्हा लिही की, वरच्या ओळी तर आहेत. तू म्हणालास, "लिवीन. आन परत म्याच पुशीन." तेव्हा मी हसलो. हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला अंकुशनं तुला बारामतीला डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होतो. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? तू गुरुवार म्हणालास. गुरुवारच होता. पण म्हणण्याआधी तू माझ्याकडे बघितलंस. डॉक्टरांनी ते बघणं पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, वयोमानानं होतं, जपा, शक्यतो एकट्यांना बाहेर सोडू नका. अंकुशनं त्यांना मेंढीची गोष्ट सांगितली होती, दीड वर्षाचं काम स्वतः पुसलं आणि आठवत नाही म्हणून. त्या खोलीत खरं ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो तुझी पिशवी धरून बसला होता.

माझा गोंधळ तुला सांगतो. संक्रांतीनंतर दोनदा तू मला तुझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारलीस. एकदा चहा घेऊन झाल्यावर चहा मागितलास. ते तर मी केलेलं नव्हतं. मग तुला खरंच काही होत होतं का? आणि होत असेल तर मेंढीच्या आधीपासून होतं की नंतर लागलं? माणसाला रोज चुकलास चुकलास म्हटलं की तो चुकायला लागतो का? कधी मला वाटतं, तुझा आजार येणारच होता, मी फक्त वाटेत भेटलो. मग वाटतं, हे मला सोयीचं आहे म्हणून वाटतं. आणि कधी याहून वाईट काही मनात येतं. खेळ आल्यापासून तू संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचा बंद झाला होतास. मला त्या खेळाचा राग होता का? लाल चौकटीत वाय दाबताना मला जे बरं वाटलं, त्यात तोही होता का? कितीही आठवलं तरी तिथलं काही दिसत नाही.

तुझे उपकारही लिहायला पाहिजेत. निवृत्त झाल्यावर मला कोणी विचारेना, तेव्हा तू मला घरून उचलून नेलंस. "चल, तुझ्याबिगर अनुस्वार अडलाय." माझ्या आयुष्यातली ती सर्वांत हसरी वर्षं होती. म्हणून तर सांगवेना. सांगितलं तर तू मला त्या खोलीत येऊ देणार नाहीस, एवढीच भीती होती. आणि तू येऊ दिलं असतंस, हेही तेव्हा ठाऊक होतं.

काल मी वहिनींकडे गेलो. अंकुशही होता. मी सगळं सांगितलं, पाहुणे, मामाचं नाव, ई, वाय, सगळं. अंकुश उठून मशीनपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "ई पुसली की डी पुसनारच, काका. एकच व्हतं त्ये."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"म्हंजे त्ये बरे व्हते?"

"त्या दिवशी तरी बराच होता, वहिनी."

"डाळजला जातो म्हनत व्हते हो. गेल्या साली तीनदा म्हनले. म्हनले, मेंढरं न्हाईत आता, पर पानी बघून येतो. म्या चप्पल लपवून ठिवली. तिसऱ्यांदा अनवानी निघालेले. म्या दाराला कडी लावली." त्या माझ्याकडे बघत होत्या, रागानं नाही, हिशेब लागत नसल्यासारखं. "कडी लावल्यावर आतून म्हनले, बरं केलंस. म्या रस्ता चुकलो असतो."

मी खाली ठेवलेलं ताट उगाच भिंतीकडे सरकवलं.

"मंग भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे मला आता कशापायी सांगितलं?"

मला वाटलं होतं, सांगितलं की तुझं नाव निर्मळ होईल. वहिनींच्या तोंडाकडे बघताना कळलं की माझ्या डोक्यावरचं मी त्यांच्या डोक्यावर ठेवून आलो. की हेही मला चुकीचं कळलं? उद्या त्या मला बोलावतील की नाही, ठाऊक नाही. डाळजच्या तुझ्या चुलतभावाला हे मी पत्रानं कळवणार आहे. तो काय समजेल, तेही ठाऊक नाही.

तेव्हा ठाऊक आहे तेवढंच लिहून खाली सही करतो. त्या वैशाखात तू काहीही विसरला नव्हतास. ई ड्राइव्ह मी मोकळी केली, आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. त्यानंतर तुझं डोकं किती दिवस नीट चाललं, हे सांगू शकेल असं आता कोणी नाही. एक तूच होतास, आणि तुझा तुझ्यावरचा भरवसा मी आधीच काढून घेतला होता.